क्वालिफाय झालो म्हणजे रेकॉर्ड झाला का?

डोंबिवलीच्या एका मुलाने विचारलंय. त्याच्याकडे ३७३ सीसीची केटीएम ड्यूक आहे, मीटरवर एकदा १७१ दिसलेत आणि आता डोक्यात बॉनेव्हिल शिरलंय, म्हणजे अमेरिकेतल्या युटामधलं ते मिठाचं सपाट मैदान, जिथे वेगाचे रेकॉर्ड होतात. म्हणतो, "काका, तिकडे क्वालिफाय झालं की रेकॉर्ड आपल्या नावावर लागतो ना? मग सगळे टेस्ट रनमध्ये दिवस का घालवतात? आणि टेस्टिंग इथेच पहाटे पाम बीच रोडवर उरकलं तर चालेल का?"

काका म्हणालास, तेव्हा मी सरळ अरे-तुरेवर येतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. पहाटे चार वाजता पाम बीच रोड रिकामा दिसतो, रिकामा नसतो. कुत्रं असतं, दूधवाला असतो, आणि तुझ्यासारखाच दुसरा एक जण समोरून येत असतो. त्यावर मी आणखी बोलणार नाही. बाकीच्या दोन प्रश्नांवर मात्र बोलायला आवडेल, कारण त्या दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

माझं परळला गॅरेज आहे. बॉनेव्हिलला तीन वेळा गेलोय, तिन्ही वेळा पाना हातात घेऊन, हँडल धरून नाही. त्यामुळे जे सांगतोय ते रांगेत, उन्हात आणि गाडीखाली बसून शिकलेलं आहे.

क्वालिफाय होणं म्हणजे रेकॉर्ड नाही. क्वालिफाय होणं म्हणजे रेकॉर्डसाठी पुन्हा एकदा धावायची परवानगी. बॉनेव्हिलच्या स्पीड वीकमध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनचे नियम चालतात. ही संस्था १९३७ची, आणि मिठावरचा पहिला स्पीड वीक १९४९चा. तिथे तुझ्या वर्गातल्या आधीच्या रेकॉर्डपेक्षा जास्त वेग एका धावेत नोंदला गेला की तू क्वालिफाय झालास. तिथून गाडी थेट इम्पाउंडमध्ये जाते. इम्पाउंड म्हणजे दोरी लावलेलं, अधिकाऱ्यांच्या नजरेखालचं आवार. तिथे चार तास मिळतात. त्या चार तासांत तेल बदल, चेन ताण, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदल, इंजिन उघडायचं धाडस असेल तर उघड. चार तास संपले की हात वर. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी सगळे क्वालिफाय झालेले रांगेने निघतात आणि दुसरी धाव करतात. दोन धावांच्या वेगांची सरासरी आधीच्या रेकॉर्डपेक्षा जास्त भरली, त्यानंतर इंजिन मोजून ते खरंच त्या वर्गाचं आहे हे पटलं, की मग रेकॉर्ड. बक्षिसाची रक्कम शून्य. पुस्तकात नाव छापून येतं, एवढंच.

म्हणजे पहिल्या धावेत तू वेग दाखवतोस आणि दुसऱ्या धावेत तो अपघाताने आला नव्हता हे दाखवतोस. सगळा खेळ दुसऱ्या धावेत आहे.

यातलं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण मिकी थॉम्पसनचं. ९ सप्टेंबर १९६० रोजी या गड्याने स्वतः बांधलेल्या, चार इंजिनं बसवलेल्या चॅलेंजर वनमधून एका दिशेला ताशी ४०६.६० मैल गाठले. ताशी चारशे मैल ओलांडणारा तो पहिला अमेरिकन. परतीच्या धावेत गाडी मोडली. रेकॉर्ड झाला नाही. चारशे सहा मैल धावला तो माणूस, आणि अधिकृत यादीत त्याची ओळ नाही! पुढे त्याने चॅलेंजर टू बांधली, १९६८मध्ये मिठावर नेली, पाऊस आला आणि ती धाव तिथेच राहिली. तीच गाडी पन्नास वर्षांनी त्याच्या मुलाने, डॅनी थॉम्पसनने, नव्याने उभी केली आणि ऑगस्ट २०१८मध्ये दोन धावांच्या सरासरीने ताशी ४४८.७५७ मैलांचा रेकॉर्ड केला. बापाच्या वेळी राहिलेली दुसरी धाव मुलाने केली, असं मी माझ्या पोरांना सांगतो.

दुसरं नाव तुला माहीत असेलच, न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचा बर्ट मन्रो. १९२०ची इंडियन स्काउट, घरच्या शेडमध्ये ओतलेले पिस्टन. १९६७मध्ये क्वालिफाय होताना तो एका दिशेला ताशी १९०.०७ मैल गेला. रेकॉर्ड नोंदला गेला १८३.५८६ मैलांचा. बघ, क्वालिफायचा आकडा आणि रेकॉर्डचा आकडा यात सहा-सात मैलांचं अंतर आहे. लोक आपापसात बोलताना मोठा आकडा सांगतात, पुस्तकात छोटा असतो. आणि गंमत म्हणजे तो छोटाही चुकलेला होता. २०१४मध्ये त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की सरासरी काढतानाच चूक झाली होती. खरा आकडा १८४.०८७ निघाला आणि दुरुस्त झाला. सत्तेचाळीस वर्षांनी! तेव्हा टायमिंगची चिठ्ठी हातात आली की खिशात कोंबू नकोस. तिथेच उभा राहून स्वतः भागाकार कर.

आता आमची फजिती. माझ्या दुसऱ्या फेरीला आमचा रायडर आधीच्या रेकॉर्डपेक्षा सव्वादोन मैलांनी वर गेला. इम्पाउंडमध्ये शिरताना आम्ही चौघं अक्षरशः नाचत होतो. मग बसलो टार्पोलिन अंथरून, आणि मला हाव सुटली. इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या, जवळ फिरत होतं, तेव्हा मागचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं तर अजून दोन-तीन मैल सहज निघतील, असा माझा हिशेब. कागदावर बरोबर होता. चार तासांपैकी तीन तास आम्ही फक्त पाणी पीत बसलो होतो, शेवटच्या तासात मी स्प्रॉकेट बदललं. रिकामे हात वाईट.

सकाळी वारा समोरून. फार नाही, गालाला लागेल एवढाच. मीठ रात्रीच्या ओलाव्याने मऊ. इंजिनला तो लांब गिअर ओढवेना. सहाव्यात टाकलं की आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) खाली, पाचव्यात आणलं की लाल रेषेला डोकं. आधीच्या रेकॉर्डपेक्षा तीन मैल कमी. सरासरी काढली तर रेकॉर्डपेक्षा अर्ध्या मैलानेही कमी नाही, पण कमी. हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच्या हाताने खाली टाकला. रायडर मला काही बोलला नाही. परतताना विमानतळावर त्याने मला कॉफी आणून दिली, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

ज्या मांडणीवर क्वालिफाय झालास तिला इम्पाउंडमध्ये हात लावायचा तो झिजलेलं बदलायला, सुधारायला नाही. सुधारायची जागा टेस्ट रन. म्हणून लोक तिथे दिवस घालवतात.

नियम सगळीकडे सारखे नाहीत, हेही ध्यानात ठेव. एफआयए या मोटरस्पर्धांच्या जागतिक संस्थेचा रेकॉर्ड हवा असेल तर दोन धावा उलटसुलट दिशांना आणि एका तासाच्या आत व्हाव्या लागतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो. मोटरसायकलची जागतिक संस्था वेगळी, एफआयएम. तिच्याकडे दोन तास मिळतात. थ्रस्ट एसएससी या जेट इंजिनाच्या गाडीच्या अँडी ग्रीनने १३ ऑक्टोबर १९९७ला नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात दोन्ही दिशांना आवाजाची भिंत ओलांडली होती, पण परतीची धाव तासाच्या मुदतीत जेमतेम मिनिटभर उशिरा पडली आणि ते सगळं रेकॉर्ड म्हणून बाद. दोनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, पुन्हा गेले आणि ताशी १२२७.९८५ किलोमीटरची नोंद केली. ती आजही उभी आहे. कॅलिफोर्नियातल्या एल मिराज या कोरड्या तळ्यावर उलट प्रकार: धावायला जेमतेम १.३ मैल, शेवटी १३२ फुटांच्या सापळ्यात, म्हणजे मोजणीच्या टप्प्यात, वेग मोजतात आणि एकाच धावेवर रेकॉर्ड देतात. ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनर आहे, तिथेही मीठच. धावपट्टीवरच्या 'स्टँडिंग माइल' स्पर्धा वेगळ्याच, थांबलेल्या गाडीपासून मैलभर. कुठे जायचं ते ठरलं की त्या संस्थेचं त्या वर्षीचं नियमपुस्तक विकत घे. मागच्या वर्षीचं मित्राचं पुस्तक चालत नाही. दर वर्षी काहीतरी बदलतं आणि नेमकं तेच तुझ्या गाडीवर असतं.

पुस्तक आलं की आधी वर्ग बघ. इथे तुझी खरी अडचण आहे. मोटरसायकलींचे वर्ग इंजिनाच्या क्षमतेवर, चौकटीच्या प्रकारावर आणि इंधनावर पडतात. क्षमतेच्या पायऱ्या ३५०, ५००, ६५० अशा आहेत. तुझं इंजिन ३७३. म्हणजे ३५०च्या वर, तेव्हा तू ५००च्या वर्गात गेलास. तिथे समोर पूर्ण ५०० सीसीवाले आहेत, आणि तू सव्वाशे सीसी घरी ठेवून लढायला निघालास. त्यापेक्षा ३४९ सीसीची बुलेट ३५०च्या वर्गात चपखल बसते, ६४८ची इंटरसेप्टर किंवा कॉन्टिनेंटल जीटी ६५०च्या वर्गात. रॉयल एनफिल्डचीच ६५०ची जुळी इंजिनवाली गाडी २०१८मध्ये बॉनेव्हिलला केयला रिव्हास या अठरा वर्षांच्या मुलीने ताशी दीडशे मैलांच्या पुढे नेली. बापाच्या जोरावर उड्या मारणाऱ्या आमच्या इथल्या काही पोरांना मी हे मुद्दाम ऐकवतो. तेव्हा वेगवान गाडी न शोधता वर्गाच्या काठावर बसणारी गाडी शोध. ड्यूक घेऊनच जायचं असेल तर जा, अनुभव मिळेल, पण रेकॉर्डची भाषा करू नकोस.

रायडरचीही पात्रता असते, ती गाडीच्या आधी. नवख्याला आधी ओळखवर्गात बसावं लागतं, मग ट्रॅकभर गाडीतून फिरवतात. बाहेर कुठे वळायचं, परतीचा रस्ता कुठला, रेडिओवर काय ऐकायचं, धाव संपली की किती लांब जाऊन बाजूला व्हायचं. लायसन्स पायऱ्यांनी मिळतं. ठरलेल्या वेगाच्या टप्प्यात एक नीट धाव कर, ती मान्य झाली की पुढचा टप्पा. टप्पा ओलांडून जास्त वेगाने गेलास तर शाबासकी मिळत नाही, बोलावून विचारतात. पहिल्याच दिवशी पूर्ण पिळायचा विचार तिथेच सोड. आणि आपल्याकडे स्पर्धेत उतरायचं तरी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचं, लायसन्स लागतं. तेही आतापासून काढून ठेव, कागदपत्रांची सवय होते.

तपासणीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आपली मुलं तिथेच मार खातात. पहिल्या फेरीला आमची तपासणी एका सत्तरीच्या आजोबांनी केली. डोक्यावर पेंढ्याची टोपी, हातात पेन्सिल. गाडीभोवती एकदा फिरले, गुडघ्यावर बसले आणि पेन्सिलीचं टोक इंजिनाच्या खालच्या ड्रेन बोल्टावर टेकवलं. बोल्टाला लॉकवायर होती. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली स्टेनलेसची तार, मी स्वतः पिळलेली, दिसायला दागिन्यासारखी. आजोबांनी पेन्सिल तारेवरून बोल्टाच्या कडेने हळूच फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. मला कळेना. त्यांनी पुन्हा फिरवली. तेव्हा ट्यूब पेटली. तार मी उलट्या बाजूने नेली होती. बोल्ट सैल होऊ लागला तर तारेने त्याला घट्ट होण्याच्या दिशेला ओढायला हवं, माझी तार त्याला सैल होऊ देत होती. दिसायला वायर आहे, कामाला नाही. तीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसाला आजोबांनी एका पेन्सिलीने शाळेत बसवलं. तापलेलं तेल मागच्या चाकाखाली गेलं तर काय होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी टायरच्या व्हॉल्वची टोपणं बघितली. प्लॅस्टिकची होती. धातूची लागतात, आत रबराच्या वॉशरसहित. चाक वेगात फिरताना व्हॉल्वच्या आतली पिन बाहेरच्या बाजूला खेचली जाते, आणि ती सुटली तर हवा धरून ठेवणारं शेवटचं काय ते हे टोपण. चार आण्याची वस्तू. शेजारच्या तंबूतल्या एका शेतकऱ्याने आपल्या ट्रकची काढून दिली. त्यानंतर किल स्विचची दोरी. मनगटाला बांधायची, रायडर पडला की खेचली जाऊन इंजिन बंद. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, दोरी खेचली, इंजिन मेलं, मग मान हलवली. स्टीअरिंग डँपर, चेनगार्ड, हेल्मेटवरचा स्नेल या सुरक्षा-चाचणीचा शिक्का, एकपीस किंवा कमरेला झिपने जोडलेला चामड्याचा सूट, टायरचा वेगमान, सगळं बघतात. चारी बाजूंनी झाकलेल्या गाडीवाल्यांना तर पट्टे बांधून बसवतात आणि स्वतःहून बाहेर पडून दाखवायला लावतात. पेट्रोलच्या वर्गात असशील तर तिथलंच पेट्रोल भरून टाकीला सील मारून घ्यावं लागतं. घरून आणलेली बाटली चालत नाही.

हे सगळं इथे, परळमध्ये, पंख्याखाली बसून करून बघता येतं. हीच तुझी पहिली टेस्ट रन, आणि हिच्यासाठी रस्ता लागत नाही. नियमपुस्तक घे, मित्राला तपासनीस कर, त्याच्या हातात पेन्सिल दे. मात्र ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही असा मित्र घे. कळणारा मित्र 'हे चालतं रे' म्हणतो.

आता चाकावरची टेस्ट रन. ती वेग बघायला नसते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. पहिल्या धावेत आम्ही साठ-पासष्ट टक्केच थ्रॉटल देतो. बघायचं काय, तर गाडी सरळ जाते का, हँडल डोलतं का, तेल कुठे येतंय का, रायडरच्या मानेला काय होतंय. परत आलो की गाडी स्टँडवर, टॉर्च घेऊन खालून वर. दुसऱ्या धावेत ऐंशी टक्के. तिसऱ्यात पूर्ण, पण फक्त अर्धा टप्पा, मग थ्रॉटल हळूहळू सोडायचा. घाबरून एकदम सोडून उठून बसलास तर छातीवर वारा येतो, पुढचं चाक हलकं होतं. नव्या रायडरची गाडी डोलते ती बहुतेक वेळा याच क्षणी. पूर्ण वेगातून खाली येणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आणि ती कुणी शिकत नाही.

एका धावेत एकच बदल. स्प्रॉकेट बदललंस तर टायरचा दाब तोच. दाब बदललास तर स्प्रॉकेट तेच. वहीत लिही: तारीख, वेळ, तापमान, वारा कुठून, स्प्रॉकेटचे दात, दाब, सर्वांत जास्त आरपीएम, सापळ्यातला वेग. मोबाइलमध्ये लिहू नकोस. मिठावर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि फोन तापून बंद पडतो. आमची वही शाळेची दोनशे पानी आहे, वर सरस्वतीचं चित्र. तिकडच्या लोकांना फार आवडते.

गिअरिंगचा हिशेब साधा आहे. समज मागच्या चाकाचा घेर दोन मीटर, आणि इंजिनाच्या ४.८ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. ८००० आरपीएमला चाक मिनिटाला १६६७ वेळा फिरतं, म्हणजे ३३३३ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. आता हे डांबरावर. मिठावर चाक घसरतं. पाच टक्के घसरलं तर तुझे २०० तिथे १९०. चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग आणि सापळ्यातला वेग यांतला फरक म्हणजे घसरण, आणि ती दर धावेत वहीत लिहायची. मागच्या स्प्रॉकेटचे दात ३८चे ३७ केले की पावणेतीन टक्के फरक पडतो. त्या रात्री मी याच पावणेतीन टक्क्यांच्या मागे लागलो होतो. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी शक्ती घनाने. १०० मैलांवरून ११०वर जायचं तर ताकद एक तृतीयांश जास्त हवी. म्हणजे लांब गिअर हा वेग नाही, वेगाची मागणी आहे. इंजिनाकडे द्यायला नसेल तर ते नकार देतं.

इथली हवा आणि तिथली हवा वेगळी. मुंबईत आपण समुद्रसपाटीला, बॉनेव्हिल सुमारे १२८६ मीटरवर. दुपारच्या उन्हात तिथली हवा आपल्यापेक्षा साधारण पंधरा टक्के विरळ असते. इंजिनला श्वास कमी, पण अंगावरचा विरोधही तेवढाच कमी. कार्बोरेटरची गाडी असेल तर इथे जुळवलेले जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) तिथे नक्की जास्त पेट्रोल देतात. आपल्याला याची एक सोय आहे, महाबळेश्वर. तेही १३५० मीटरच्या आसपास. आम्ही जेट जुळवायला तिथेच गेलो होतो. वेगाचं काही बघायचं नाही, फक्त गाडी सुरू कशी होते, थ्रॉटल उघडताना अडखळते का, प्लगचा रंग काय. स्ट्रॉबेरीवाल्याने विचारलं, सारखा प्लग काय काढताय? मी म्हटलं, तिचा घसा बघतोय. पूर्ण थ्रॉटलवरचा प्लग वाचायचा तो मात्र धावपट्टीवर. मापाचा टप्पा संपतो तिथे क्लच दाबून इंजिन बंद, मग घरंगळत थांबायचं, मग प्लग काढायचा. इंजिन चालू ठेवून तंबूपर्यंत आलास तर प्लग तुला परतीच्या रस्त्याची गोष्ट सांगतो, धावेची नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सरची नोंद घ्यायची सोय कर.

मोबाइलच्या जीपीएसवर तुझे १७१ किती दिसले ते विचारून ठेवतो, कारण बहुतेक कंपन्यांचे मीटर जास्तच दाखवतात. आणि जीपीएसचा आकडा हा एका क्षणाचा सर्वोच्च वेग. मैलाच्या सापळ्यात आत शिरताना ११८ आणि बाहेर पडताना १२४ असशील, तर चिठ्ठीवर १२१च्या आसपास येईल. मित्रांना सांगायचे १२४ वेगळे.

टेस्टिंग करायचं कुठे, हा खरा मुंबईकराचा प्रश्न. रस्त्यावर नाहीच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, ईस्टर्न फ्रीवे, समृद्धी, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला मनाई आहे, आणि नसती तरी मी तिथे पाठवलं नसतं. आपल्या जवळचं म्हणजे लोणावळ्यापलीकडची अँबी व्हॅलीची धावपट्टी. तिथे ड्रॅगच्या स्पर्धा होतात, पाव मैलाच्या. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. तेवढ्यात तुझी गाडी सर्वोच्च वेगाला पोचत नाही, त्यामुळे गिअरिंगचं उत्तर तिथे मिळणार नाही. पण तपासणीतून जायची, रांगेत हेल्मेट घालून घाम गाळायची, दिवा बघून निघायची आणि आकडा छापून हातात यायची सवय लागते. शहरात डायनो असलेली गॅरेजं आहेत, तिथे एक दिवस घालव. डायनो तुला ताकदीचा आलेख देतो, आणि तो आलेख हातात असला की स्प्रॉकेट निवडताना माझ्यासारखी हाव सुटत नाही.

हवामानाचा विचार तारखा ठरवतानाच कर. आपल्याला वाटतं वाळवंटात कसला पाऊस. २०१४, २०१५ आणि २०२२चे स्पीड वीक रद्द झाले. पाऊस पडला, मिठावर पाणी उभं राहिलं, संपलं. तिकिटाचे पैसे परत मिळतील असंच तिकीट काढ. आणि सनस्क्रीन नाकाच्या खाली, हनुवटीखाली आणि हाफ पँटच्या आतपर्यंत लाव. मिठावरून ऊन खालून येतं. पहिल्या फेरीला माझ्या नाकपुड्यांची आतली कातडी भाजली होती. घरी बायकोला सांगितलं तर तिला अर्धा तास खरं वाटेना.

तर तुझं काम असं. नियमपुस्तक मागव. ड्यूक विकायची घाई करू नकोस, पण कुणाची ३५० बुलेट मिळते का बघत राहा. आणि एखाद्या रविवारी सकाळी परळला ये, गाडी घेऊनच. ड्रेन बोल्टला भोक पाडून तार आधी तू बांध, मी हात लावणार नाही. माझ्याकडे पेन्सिल आहे.